हमीदाचा पाय

कंपनीत गेल्यावर मी आधी ताटं बघितली. मायनं निघताना सांगितलं होतं, माणूस कसा बोलतो ते बघू नको, वाढतो कसा ते बघ. कंपनीत सगळ्यांच्या ताटात सारखं पडत नव्हतं. पुढं खेळणाऱ्या, गोल मारणाऱ्या पोरींना अक्का येसराच्या आमटीत पळी खालपर्यंत घालून वाढायची. आम्ही मागच्या, गोल अडवणाऱ्या. आमच्या ताटात वरचं पाणी. अक्का म्हणजे मालकाची थोरली बहीण. तिच्या डोक्यावर पदर आणि दाढेखाली तंबाखू कायम असायची. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "अक्का, आमी काय कमी पळतो का?" ती म्हणाली, "तू अजून कच्ची हायस, पक्की झालीस की घट्ट मिळंल." मी मनात धरून ठेवलं, इथं काहीतरी पाणचट आहे.

ही कंपनी बायकांच्या फुटबॉलची होती. आता सांगितलं तर नातीला खरं वाटत नाही. ती मोबाईलवर पोरींचे सामने बघते, हिरवंगार गवत, मोठाले दिवे, पंच म्हणून बाया. मी म्हणते, आम्ही मुरमावर खेळलो. पडलं की गुडघ्याचं सालपट निघायचं आणि त्यावर अक्का हळद दाबायची. आमची कंपनी एका ट्रकातून गावोगाव फिरायची. बाजाराच्या नाहीतर जत्रेच्या दिवशी गावाबाहेरच्या पटांगणाला कनात लावायची, हलगी वाजवायची, तिकीट लावायचं आणि गावातल्या पोरांशी सामना खेळायचा. बायांनी अर्ध्या चड्डीवर गड्यांशी खेळायचं म्हटल्यावर कनात भरायचीच. कशासाठी भरते ते आम्हाला कळत होतं. आत आल्यावर मात्र पंधरा-वीस मिनिटांत लोक पाय विसरून चेंडू बघायला लागायचे, हेही मी खरं सांगते. गावातली पोरं खेळ शिकलेली नसायची, सगळीच्या सगळी चेंडूमागं पळायची, गुळाला माश्या लागल्यासारखी. आमच्या पोरी चार पास द्यायच्या आणि गोल मारायच्या.

मी तिथं कशी गेले ते सांगते. युसूफ वडगावच्या बाजारात कंपनी आली होती. मालक हा सोलापूरकडचा, मिलच्या टीममधून खेळलेला. उंच, वाळका, उजव्या खांद्यावर कायम पंचा. सामन्याआधी तो कर्ण्यातून ओरडायचा, कोणत्याही पोरीनं आमच्या खेळाडूकडून चेंडू काढून दाखवावा आणि शेरभर जिलेबी न्यावी. माझी चुलती म्हणाली, जा गं चंद्रे. मी गेले. मला खेळ ठाऊक नव्हता, पण वासरं ठाऊक होती. दूध काढायच्या वेळी वासरू गाईकडं धावतं तेव्हा मान एकीकडं टाकतं आणि जातं दुसरीकडं. मानेकडं बघणारा चुकतो. छातीकडं, पुढच्या पायांच्या मधे बघायचं. त्या खेळाडू पोरीनं खांदा हलवला, डोळे फिरवले, मी काही हलले नाही. चेंडू माझ्या पायाशी आला तो मी लाथेनं कनातीबाहेर घालवला. लोक हसले. मालक हसला नाही. दुसऱ्या दिवशी तो आमच्या दारात येऊन बसला.

आमचं घर ऊसतोडीला जाणारं. आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. गडी तोडतो, बाई मोळी बांधते, वाहते. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात, आणि अर्ध्याला कोणी नेत नाही, नेलं तर हिडीसफिडीस करतं. म्हणून दसरा तोंडावर आला की आमच्या भागात लग्नं घाईनं ठरतात. मुकादमानं माझ्यासाठी एक अर्धा बघून ठेवला होता. पोरगं वाईट नव्हतं म्हणतात. मी काही त्याला बघितलं नाही. बापानं मालकाला बसायला घोंगडं टाकलं. मायनं मात्र मालकाला प्यायला पाणीसुद्धा उशिरा दिलं. म्हणाली, "तमाशाची कंपनी हाय का ही?" मालक म्हणाला, "बाई, खेळ हाय. माझी सख्खी बहीण संगं असती." "बहिणी लई जणांच्या संगं असत्यात." शेवटी तिनंच तोड काढली. दसऱ्यापर्यंत पोरगी न्या. तोवर तिचा खेळ पसंत पडला तर पगारावर ठेवा. नाही पडला तर परत आणून सोडा, तिचं लग्न लावून गाडीत बसवू. मालक हो म्हणाला. त्यानं इतक्या लवकर हो म्हटलेलं मायला आवडलं नाही, आणि मलाही नाही.

मागं आम्ही दोघी. डावीकडं मी, मधे हमीदा. हमीदा परळीकडची, वयानं माझ्यापेक्षा बरीच मोठी, नवऱ्यानं सोडलेली, रुंद खांद्याची, कमी बोलणारी. तिच्यासारखी बॅक मी नंतरही बघितली नाही. ती पळायची नाही. चेंडू जिथं येणार तिथं आधीच जाऊन उभी असायची, बसस्टँडवर उभी असल्यासारखी. सकाळी सरावाला मालक पोरींना तिच्या अंगावर सोडायचा. एकीलाही ती पुढं जाऊ द्यायची नाही. पावसानं चिखल झालेला असला तरी तिचा पाय रोवलेला. मला तिनंच शिकवलं की गड्याच्या तोंडाकडं बघायचं नाही, त्याच्या बेंबीकडं बघायचं. तोंड खोटं बोलतं, बेंबी बोलत नाही. मी म्हटलं, हे तर वासराचंच झालं. ती पहिल्यांदा हसली.

पण सामन्यात एक गोष्ट व्हायची. आम्ही तीन गोल मारू, चार मारू, समोरच्यांचा एक व्हायचा. दोन नाही, शून्य नाही. एकच. आणि तो कायम माझ्या बाजूनं. कोणीतरी पोरगं चेंडू घेऊन यायचं, हमीदा त्याच्या आडवी जायची, आणि तिचा डावा पाय घसरायचा. ती पडली की मधलं सगळं मोकळं. मी माझा गडी सोडून तिकडं धावेपर्यंत चेंडू आत. सामना झाला की मालक सगळ्यांसमोर मला उभी करायचा. "गोल कुणाच्या अंगावरनं गेला? हिच्या. दसऱ्यापर्यंत बघू, न्हाईतर जा बांध मोळ्या." हमीदा तेव्हा बुटाच्या नाड्या सोडत बसलेली असायची, मान खाली. जेवताना अक्का माझ्या ताटात आणखी पातळ वाढायची.

पहिल्यांदा मला वाटलं, हमीदा माझ्यावर टपलीय. वय झालेलं, नवी पोरगी आली, उद्या आपल्याला काढतील म्हणून ही मलाच काढायला बघते. मी तिच्याशी बोलणं तोडलं. तिनं दिलेला पानाचा विडा घेईना. झोपायला तिच्यापासून लांब चटई टाकली. पण संशय घ्यायचा तर तो नीट घ्यावा, अर्धामुर्धा घेऊ नये, हे मायचं. म्हणून मी सामन्यात चेंडू सोडून तिलाच बघायला लागले. ओल्या जमिनीवर न घसरणारी बाई कोरड्यावर घसरते. कायम डाव्या पायानं. कायम सामना शेवटाला आल्यावर. केजच्या पटांगणावर मला आणखी एक दिसलं. ती पडायच्या जरा आधी मालकानं उजव्या खांद्यावरचा पंचा काढून डाव्या खांद्यावर टाकला होता. पुढच्या गावात तसंच. त्याच्या पुढच्या गावातही तसंच. उन्हात कोणीही पंचा इकडचा तिकडं करतो, पण त्याचा पंचा आणि हिचा पाय एका दोरीला बांधलेले होते.

अंबाजोगाईला आम्ही धर्मशाळेत उतरलो. दुपारी नदीवर जर्सी धुवायला दोघीच होतो. मी धोपटणं थांबवलं आणि सरळच विचारलं.

"हमीदाबी, तुमचा पाय कोरड्यातच कावून घसरतो?"

ती पिळतच राहिली. "तुला लई दिसतंय गं."

"मालकानं पंचा बदलला की घसरतो."

"चुप बैठ." मग इकडंतिकडं बघून म्हणाली, "एक गोल द्यावा लागतो. दर गावात. बायांनी कोरडं हरवलं तर गडी खवळत्यात. कनात फाडत्यात, पोरींच्या अंगावर येत्यात. एकदा झालंय तसं."

"तुमी बघितलं?"

"मी नव्हते तवा कंपनीत."

"मंग कुणी बघितलं?"

"मालकानं."

"आन् बोलणी मला कावून बसत्यात?"

ती आता माझ्याकडं बघून म्हणाली, "कुणाला तरी बसायलाच पायजेत. लोकांना वाटाया नको, गोल दिला म्हनून. तू यायच्या आधी मलाच बसायची."

मी जर्सी धोपटली ती फाटेपर्यंत. दर गावात एक गोल देतात हे समजलं. कनात फाटल्याचं मी मानलं नाही, आणि आजही मानत नाही. मला त्यात दुसरंच दिसत होतं. दसऱ्याला हा माणूस म्हणणार, पोरगी कच्ची आहे, पगार परवडत नाही. मग मी घरी जाणार, नाहीतर रडत त्याच्या पाया पडणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय आली. एस.टी.नं, फडक्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून. न कळवता आली, कारण कळवलं की लोक घर झाडून ठेवतात असं तिचं मत. आल्या आल्या तिनं अक्काच्या भांड्यांत डोकावून बघितलं, पोरींच्या चटया बघितल्या, आतून कडी लागते का ते लावून बघितलं. मग धर्मशाळेच्या ओट्यावर मालकापुढं जाऊन बसली.

"पोरगी ठेवनार का न्हाई ते आज सांगा. मुकादम दारात बसलाय."

"बाई, काय सांगू. गोल जातोय तिच्या अंगावरनं."

"दर बारीला?"

"दर बारीला. पगारावर कशी ठेवू? तुमी म्हणत असाल तर पोटावारी ऱ्हाऊ द्या. शिकंल हळूहळू."

बघा. पोटावारी. नुसत्या जेवणावर, तेही पातळ. मायनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "आज माझ्या अंगावरनं गोल गेला न्हाई तर?" मालक पंच्यानं मान पुसत हसला. "तर ठेवली, जा. पगारावर." त्याला वाटत होतं मला ठाऊक नाही. मायच्या तोंडावर मात्र लगेच शंका आली. नंतर आडोशाला मला म्हणाली, "हसला कावून त्यो?" मी तिला सगळं सांगितलं. ती धपाटा मोडत म्हणाली, "दसरा तोंडावर आलाय. गोल गेला तर तू माझ्यासंगं एस.टी.त बसणार. ध्यानात ठेव."

त्या दिवशीचा सामना तिथल्या एका बड्या बागाईतदाराच्या पोरांशी होता. त्याला सगळे रावसाहेब म्हणायचे. निवडणुकीला उभं राहायची त्याची तयारी चाललेली, म्हणून सगळ्यात पुढं खुर्ची टाकून, मांडीवर मांडी घालून बसला होता. त्याचा पोरगा टीमचा कप्तान. गोरापान, नवे बूट, केसांना तेल. एक गोल द्यायचा म्हणजे आज त्यालाच द्यायचा, हे सांगायला पंचाही लागत नव्हता. माय बायांच्या बाजूला कनातीच्या खांबाला धरून उभी राहिली. बसली नाही.

आमचे दोन गोल झाले. ऊन उतरायला लागलं, हलगीवाला कंटाळून थांबला, आणि मालकानं पंचा काढला. मी चेंडूकडं बघतच नव्हते. पंचा डाव्या खांद्यावर पडला तशी मी माझा गडी सोडला आणि हमीदाच्या मागं जाऊन उभी राहिले. हे चुकीचं होतं. माझ्या बाजूला एक पोरगं एकटं उभं राहून हात वर करून ओरडत होतं. पण रावसाहेबाचं पोरगं दुसऱ्याला चेंडू देणारं नव्हतं, एवढं मला त्याच्या केसांवरून कळत होतं. हमीदा आडवी गेली, पाय घसरला, पडली. पोरगं तिला ओलांडून हसत आलं आणि पुढं मी. त्यानं मान उजवीकडं टाकली. मी बेंबीकडं बघितलं आणि चेंडूला लाथ घातली. चेंडू गेला, मागोमाग पोरगं मुरमावर गेलं, हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत सोललं.

पोरगं उठलं. "ए, कुणाची गं तू?"

"वडगावची."

"बघतो तुला."

"बघा की, तिकीट लावलंय."

बायांच्या बाजूनं कोणीतरी फिदीफिदी हसलं. मालक पंचा उजव्यावर, परत डाव्यावर, परत उजव्यावर टाकत होता, माश्या हाकलल्यासारखा. हमीदा बिचारी परत पडली. परत मी मागं. तिसऱ्यांदा पडली तेव्हा लोकच ओरडायला लागले, "आगं, बाईला कुनीतरी धरा!" पंचानं शिट्टी वाजवली तोवर त्यांचा एकही गोल झाला नव्हता.

आम्ही सगळ्या एका जागी गोळा झालो. गोल न देता सामना सुटलेला आमच्यातल्या कोणीच बघितला नव्हता. अक्का ट्रकाजवळ जाऊन उभी, मालकाचा चेहरा राखेसारखा. कनात आता फाटते की मग फाटते. रावसाहेब खुर्चीवरून उठला, धोतराचा सोगा झटकला, पोराच्या सोललेल्या हाताकडं बघितलं आणि मालकाला म्हणाला, "उद्या परत ठेवा. आमची खरी टीम उद्या येईल." लोक ओरडले, उद्या, उद्या. कनातीला कोणी बोट लावलं नाही.

माय खांब सोडून सरळ मैदानात आली. चप्पल घालून. "मालक, आता सांगा. या साहेबाम्होरं सांगा."

मालकानं रावसाहेबाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "ठेवली."

"कशावर?"

"पगारावर, बाई. पगारावर."

रावसाहेबाला काही कळलं नाही, पण माणूस पुढारी, त्यानं टाळ्या वाजवल्या. माय मला म्हणाली, "लई खूश होऊ नको. पैला पगार हातात आल्यावर हो." आणि शेवटच्या एस.टी.नं गेली. तो अर्धा कोयता त्या वर्षी दुसऱ्या कोणाला तरी मिळाला असेल.

दुसऱ्या दिवशी पटांगणाबाहेरच्या झाडांवरसुद्धा माणसं चढली. मालकाला रातोरात अक्कल आली होती. कनात फाटायची भीती जुनी झाली, गर्दी तर न दिलेल्या गोलालाच होते. सकाळी त्यानं सगळ्यांसमोर पंचा ट्रकात टाकला आणि म्हणाला, "आजपासून द्यायचा न्हाई. हमीदा, ऐकलं का? घसरायचं न्हाई." हमीदानं मान हलवली. मी तिच्याशी पुन्हा बोलायला लागले होते, सकाळी विडाही घेतला होता. आणि त्या दिवशी मी एक केलं जे माझ्या स्वभावात नाही. मी विश्वास टाकला. माझी जागा धरून उभी राहिले.

रावसाहेबानं आणलेली पोरं खरंच खेळणारी होती. दम निघाला. हमीदा त्या दिवशी अशी खेळली की मी खेळता खेळता तिला बघत होते. अंगावरून एकालाही जाऊ दिलं नाही. जणू इतकी वर्षं अडवायचे राहिलेले सगळे एका दिवशी अडवत होती. एक-शून्य आम्ही. ऊन उतरलं. हलगी थांबली. एक साधं पोरगं साधा चेंडू घेऊन तिच्यासमोर आलं. मालक रिकाम्या खांद्यानं उभा होता. हमीदा आडवी गेली, आणि तिचा डावा पाय गेला. तसाच. तिकडंच. मी माझ्या जागेवरून धावले, पण किती धावणार. चेंडू आत.

ती उठली नाही. बसूनच त्या पायाकडं बघत राहिली, दुसऱ्याचं पोर आपल्या मांडीवर कोणीतरी ठेवून गेल्यासारखी.

सामना सुटल्यावर मालक तिच्यावर धावून आला. "किती घेतलंस रावसाहेबाकडनं?" तिनं नकाराची मान हलवली. "मंग कावून पडलीस? मी सांगितलं हुतं का?" "न्हाई." "मंग?" "पाय गेला." कंपनीतल्या एकीचाही विश्वास बसला नाही. अक्का तर तिची पिशवी बघायला निघाली. मालक माझ्याकडं वळला. "तुला लई दिसतं ना? तू सांग. मुद्दाम पडली का न्हाई?"

मी खरं तर सगळ्यांवर संशय घेणारी बाई. पण मी तिचं तोंड बघितलं होतं. म्हटलं, "मालक, तुमी त्यो पाय इतक्या बारी पाडलाय की आता त्यो तुमचा झालाय. तिला कावून विचारता?"

त्यानं रिकाम्या खांद्यावर हात फिरवला. तिला काढलं मात्र नाही, काढून दुसरी कुठून आणणार होता. पोरी ट्रकाकडं गेल्या. आम्ही दोघी मुरमावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होतो. तिची गाठ निघेना, म्हणून मी सोडून दिली. ती माझ्या हाताकडं बघत म्हणाली, "चंद्रे, उद्यापासून माझ्या मागं उबी ऱ्हा. मला माझा भरवसा न्हाई."

त्यानंतर मी त्या कंपनीत बरीच वर्षं खेळले. मालकाच्या, अक्काच्या, पंचांच्या, डॉक्टरांच्या, सगळ्यांच्या शब्दाची खातरजमा केल्याशिवाय पाऊल टाकलं नाही. हमीदाचं ते एक बोलणं मात्र मी कधी पडताळून बघितलं नाही. नुसती जाऊन तिच्या मागं उभी राहिले.